झाडाशेजारचं ताट

वहिनी, तुम्ही गेलात आणि दादा जेवेनासा झाला. बाकीचं सगळं सावकाश बोलू, पण आधी हे सांगतो, कारण असलं काही सांगायचं हक्काचं माणूस या घरात तुम्हीच होता.

तुम्हाला खरं वाटायचं नाही. ज्या माणसानं अख्ख्या संसारात तुमच्या एका भाजीला धड म्हटलं नाही आणि तरी प्रत्येक वेळी ताट लख्ख करून उठला, तो सुमननं वाढलेल्या ताटातले दोन घास मोडायचा, ताट पुढं सरकवायचा आणि म्हणायचा, "चांगलं झालंय." दादाच्या तोंडून "चांगलं झालंय"! सुमन ते भरलेलं ताट घेऊन घरात यायची आणि आम्ही नवरा-बायको एकमेकांकडं बघत राहायचो. मीठ कमी पडलंय, फोडणी करपलीय, भाकरी जाड थापलीय, काहीतरी बोल की रे बाबा! पण नाही. शर्ट अंगावर लोंबायला लागला त्याचा. मळ्यात जायचा, शेवंतीच्या बांधावर बसायचा आणि हातात काही न घेता परत यायचा.

दहाव्याला कावळा लगेच शिवला. "काय बी इच्छा ऱ्हायली न्हवती बाईची," असं सगळे म्हणाले आणि हात जोडून उठले. मला त्या प्रसंगातही हसू आलं, तुम्ही शेजारी असता तर आपण दोघांनी खाली मान घालून हसू दाबलं असतं. तुमची इच्छा राहिली होती आणि ती मला ठाऊक होती. पण ती फोटोंची होती, कावळ्याला त्यातलं काय कळणार?

आपले फोटो कसे सुरू झाले ते तुम्ही कधी कुणाला सांगितलं नाहीत. मीच सांगत सुटायचो आणि दर वेळी थोडं चुकीचं सांगायचो. आज नीट सांगतो.

कुरकुंभच्या कंपनीतून मी रिटायर झालो. हार घातले, नारळ दिला, फोटो काढले. दुसऱ्या दिवशी पहिल्या शिफ्टच्या वेळेला आपोआप जाग आली, तोंड धुतलं आणि अंगणात येऊन उभा राहिलो. जायचं कुठंच नव्हतं. असा मी रोज उभा राहायला लागलो. घरात सुमनवर खेकसायचं, पेपर दोनदा वाचायचा आणि पुन्हा अंगणात. आपल्या दोन घरांच्या मधलं ते अंगण, तुमच्या स्वयंपाकघराच्या दारातून मी सारखा दिसत असणार. मग एक दिवस तुम्ही आतून हाक मारलीत, "भावजी, तुमच्या फोनमदी फोटू चांगला निघतो न्हवं? ह्या भरताचा काढा बरं एक. रूपालीला धाडायचाय."

रूपालीचं नवीनच लग्न झालं होतं, शिरूरला नवा संसार, आणि तिनं फोन करून विचारलं होतं, "आई, भरीत दिसायला कसं पाहिजे?" तुमचं उत्तर आख्ख्या वस्तीनं ऐकलं. "कसं पाहिजे म्हंजी? भरतावानी!"

मी फोटो काढला. लाइट लावून, वरून, अगदी जवळून. रूपालीचा लगेच फोन आला, "काका, हायवेचं काम परत काढलं का?" डांबर दिसत होतं ते, वहिनी. तुम्ही पदर तोंडाला लावून इतक्या हसलात की पाटावरच बसलात. मला राग यायला पाहिजे होता. पण कंपनी सुटल्यापासून मीही त्या दिवशी पहिल्यांदा हसलो.

मग आपण दोघं शिकत गेलो. दिवा बंद करायचा, खिडकीचा उजेड घ्यायचा. स्टीलच्या ताटात आपलंच तोंड दिसतं म्हणून ताटाखाली आणि मागं गोणपाट टाकायचं. एका बाजूला काळोख राहतो, तिथं मोठी परात धरून उजेड परत ताटावर पाडायचा. ही परातीची युक्ती तुमची, मी कितीही जणांना माझी म्हणून सांगितली असली तरी. परात धरायला माणूस लागायचा आणि जेवायच्या वेळेला रिकामा माणूस एकच असायचा.

"मी काय परात धराया जन्मलोय व्हय?" दादा म्हणायचा.

"मग तुमी भाकरी थापा, मी धरती परात."

दादा परात धरायचा. भुकेला, बडबडत, पण धरायचा. पुढं पुढं तर तुम्ही सांगायच्या आधी तो ती बरोबर तिरकी करायला लागला. "जरा खाली घ्या" म्हटलं की म्हणायचा, "खाली घेटली तर वाटीची सावली पडती, दिसत न्हाई का?" आणि वर, "काढा लवकर. निवतंय."

आई तेव्हा होती. तिला हा प्रकारच पसंत नव्हता. अन्नाला नजर लागते, हे तिचं ठाम मत. एका गौरी-जेवणाला तर कहर झाला. सोळा भाज्या, पुरणपोळी, सगळं पान वाढून तयार, खिडकीतून ऊन असं सुरेख आलेलं, आणि तुमच्याच्यानं राहवलं नाही. नैवेद्य दाखवायच्या आधी तुम्ही फोटो काढलात. आई दारातच उभी होती. "देवीच्या आदी तुज्या फोननं जेवून घेटलं, सूनबाई," ती शांतपणे म्हणाली. ते पान बाजूला ठेवून दुसरं वाढावं लागलं. तुम्ही सोळा वाट्या पुन्हा भरल्यात. दादा पंगतीत बसून घड्याळ बघत होता आणि मी फोन खिशात लपवत होतो, जसं काही फोटो मीच काढला.

त्या दिवसापासून तुमच्यात आणि आईत तह झाला. आधी भाकरीचा एक तुकडा मोडायचा, कुणीतरी तोंडात टाकायचा, मग फोटो. मोडलेल्या अन्नाला नजर लागत नाही, असं आईचं म्हणणं. म्हणून तुमच्या एकाही फोटोत भाकरी आख्खी नाही. पिठल्याशेजारी, ठेच्याशेजारी, शेपूच्या भाजीशेजारी, सगळीकडं कोपरा मोडलेला. आई गेल्यानंतरही तुम्ही तो नियम सोडला नाहीत.

आणि इथंच आपलं भांडण आहे, वहिनी. ते तसंच राहिलं.

मी तुम्हाला किती वेळा म्हटलं, भाकरी गोल असते, फुगलेली असते, वर पापुद्रा असतो, तिचं रूपच त्यात आहे. एकदा तरी आख्खी काढा. पुण्याच्या एका फोटोस्पर्धेला मी तुमच्या नावानं बाजरीची भाकरी आणि लसणाची चटणी पाठवली होती. त्यांचं उत्तर आलं की उष्ट्या अन्नाचे फोटो घेतले जात नाहीत. मला वाईट वाटलं. तुम्ही मेथीची जुडी सोडत होता, मान वर न करता म्हणालात, "उष्टं न्हाई ते, मोडलेलं हाय. येवढा फरक ज्यास्नी कळत न्हाई त्यांचं बक्षीस घिऊन काय करू?"

"पण दिसायला आख्खी बरी दिसते," मी म्हटलं.

"आख्खी भाकरी कुनाची बी आसती, भावजी. मोडली म्हंजी कुनीतरी जेवाया बसलंय."

उत्तर पुढं सुचेल म्हणून मी विषय सोडला होता. अजून सुचलेलं नाही, आणि सुचलं तरी आता ऐकवू कुणाला?

तुम्हाला लोकांच्या घरचं जेवण बघायची भारी हौस. माझ्या जुन्या शिफ्टमधला बिहारचा एक ऑपरेटर त्यांच्याकडची सातू भरलेली लिट्टी करतो असं मी बोलून गेलो, तर तुम्ही त्याला रविवारी घरीच बोलवायला लावलंत. आपल्या अंगणात गोवऱ्या पेटवून त्यानं लिट्ट्या भाजल्या. तुम्ही गोणपाट आणि परात घेऊन तयार, आणि तो हात जोडून म्हणतोय, "भाभीजी, पहले खा लीजिए. फोटो तो ठंडे का भी आ जाएगा." तुम्ही आईकडं डोळ्यानं खुणावत माझ्या कानाशी येऊन म्हणालात, "ह्यो मानूस आपल्या आत्याबाईंचाच हाय बगा." मग त्यानं लिट्टी फोडली, तूप सोडलं, तुम्ही तुकडा खाल्लात आणि मगच फोटो काढलात.

मी मात्र जेवणाच्या फोटोंतून हळूहळू बाहेर पडलो. जेवण निवतं, लोक खोळंबतात, आई रागावते. झाडाचं तसं नाही. ते उभं राहतं, घाई करत नाही, आणि बागेत पाटीवर त्याचं नावही लिहिलेलं असतं. मी बागा हिंडायला लागलो. शिरूरला रूपाली ज्या कॉलेजात लॅबमध्ये लागली, त्यांची मागं छोटीशी वनस्पती बाग आहे. चौफुल्यावरून न्हावऱ्यामार्गे मी महिन्यातून एकदा तरी तिथं जायचो. पुण्यातल्या जुन्या बागेत तर पास काढल्यासारखा जायचो. घरी आल्यावर तुम्हाला फोटो दाखवायचो आणि तुम्ही चष्मा लावून नीट बघायच्या. "भावजी, तुमच्या फोटूत झाड कमी आन् पाटीच जास्त दिसती."

एकदा तुम्हालाच पुण्याच्या बागेत नेलं. दादा, सुमन, तुम्ही, मी. तुम्ही निघतानाच डबा घेतलात. मी बजावलं होतं की बाग आहे, सहल नाही. तुम्ही मोठमोठ्या दुर्मीळ झाडांखालून निवांत चालत होता, कौतुकानं, पण फोन काही बाहेर निघत नव्हता. आणि मग थबकलात ते कढीपत्त्यापाशी. त्याला तारेचं कुंपण, पुढं पाटी.

"ह्याला कोंडलंय कशापायी? आपल्याकडं शेळ्या खात्यात ह्याला."

मी लोकांकडं बघत तुम्हाला हळू बोला म्हणून खुणावलं. जेवायला बसायचं म्हटलं तर रखवालदार आला. बागेत खायला परवानगी नव्हती. तुम्ही त्याच्याशी भांडला नाहीत, फक्त विचारलंत, "मग तुमी कुठं जेवता?" तो म्हणाला, गेटबाहेर, भिंतीच्या सावलीला. आपणही तिथंच बसलो. ताटल्या आणायच्या राहिल्या होत्या. भिंतीवरून बाहेर झुकलेल्या सागाचं एक भलंमोठं पान खाली पडलं होतं, तुम्ही ते बाटलीतल्या पाण्यानं धुतलंत, त्यावर भाकरी ठेवलीत, ठेचा ठेवलात, कोपरा मोडून दादाला दिलात आणि फोन काढलात. परात नव्हती. दादानं डब्याचं झाकण धरलं. येणारेजाणारे बघत होते.

फोटो मला दाखवत तुम्ही म्हणालात, "ह्यात तुमचं बी हाय आन् माजं बी."

तिथून तुमच्या डोक्यात ते आलं. झाडाशेजारी ताट. माझा फुललेला शेवगा आणि त्याच्या शेजारी तुमची शेंगांची आमटी. हादग्याची फुलं आणि त्या फुलांची भाजी. चिंचेचा मोहोर आणि चिंचेचं सार. अंबाडी, अळू, वांगं, कढीपत्ता. सगळे फोटो कॉलेजच्या बागेतच दोऱ्या बांधून लावायचे, त्या त्या झाडाजवळ. "म्हंजी पाटी बी वाचता यील तुमाला," असा टोमणा वर होताच. रूपालीनं कॉलेजात विचारलं, त्यांनी एक दिवस दिला. आपण दोघं तुमच्या ओट्यावर बसून फोटो निवडायला लागलो होतो. तुम्ही तुमचं नाव खाली घालू देत नव्हता. मी म्हणत होतो, घालणार. तेही भांडण अर्धंच राहिलं, कारण त्यानंतर ती सकाळ आली. ती सकाळ मी इथं सांगत नाही. तुमच्याशी बोलताना ती मधे कशाला आणू?

एक गोष्ट मात्र तुम्ही माझ्यापासून लपवलीत, आणि ती मला तुमच्या दहाव्याला कळली. जेवणं झाल्यावर रूपाली माझ्याजवळ येऊन बसली. आम्ही त्या डांबराच्या फोटोची आठवण काढून हसत होतो, रडतही होतो. ती म्हणाली, "काका, तुमचा फोटो यायच्या आधीच आईनं भरताचा फोटो पाठवला होता मला. स्वतः काढून. चांगला होता की तो."

म्हणजे तुम्हाला फोटो काढता येत होता. मला हाक मारलीत ती भरतासाठी नव्हती. अंगणात उभा राहिलेला माणूस तुम्हाला बघवत नव्हता, म्हणून हाक मारलीत. आणि नंतर कितीतरी दिवस मला विचारत राहिलात, "भावजी, उजेड बराय का?" जणू मला त्यातलं कळत होतं.

वहिनी, मी तुमचे आभार कधी मानले नाहीत. आपल्यात तशी पद्धत नाही, आणि मला माहीतच नव्हतं. आज मानतो. मला तुम्ही त्या अंगणातून उचललंत.

त्यामुळंच कदाचित दादाच्या बाबतीत मी हट्टाला पेटलो. रूपालीनं विचारलं होतं, "काका, बागेतला तो दिवस रद्द करायचा का?" मी म्हटलं, दादाला विचारतो. विचारलं तर तो भडकला. तुम्ही गेल्यापासून त्याचा आवाज मी पहिल्यांदाच चढलेला ऐकला.

"जेवान खायाचं आसतं. दोरीला टांगायचं न्हाई. आन् जिच्या हातचं जेवान, तीच न्हाई तर लोकांनी बघून काय करायचंय?"

"वहिनींची इच्छा होती, दादा."

"तिची इच्छा मला सांगू नगंस तू."

चूक कोण आणि बरोबर कोण, मला ठरवता येईना. तो दुखावला तर? तुमच्या हातची ताटं बघून उरलेले दोन घासही बंद झाले तर? सुमन म्हणाली, राहू द्या. मी फोटो पुन्हा चाळायला बसलो, निदान एकट्यानं बघून घ्यावेत म्हणून. आणि तेव्हा मला जे दिसलं ते इतकी वर्षं दिसलं नव्हतं. शेवग्याच्या आमटीच्या फोटोत अगदी कडेला परातीची कड आणि तिच्यावर दादाचा अंगठा. पिठल्याच्या फोटोत अंगठा. शेपूच्या फोटोत अंगठा आणि बनियनची बाही. तुम्ही ते कापून टाकू शकला असता. नाही कापलंत.

मी रूपालीला फोन केला आणि म्हटलं, लावायचं. ती वडलांशी काय बोलली मला माहीत नाही. दादानं फोन ठेवला आणि मला सांगितलं, "पोरीला भेटाया यीन. आत येनार न्हाई. गाडीत बसन."

दौंडला जाऊन मी सगळे फोटो मोठे करून घेतले आणि धूळ बसू नये म्हणून हौसेनं लॅमिनेशन करून घेतलं. तुमचं नाव घातलेलं नाही. सुमननं डबा घेतला. वाटेत पारगावच्या पुलावर दादानं नदीकडं बघितलं, तेवढंच. कॉलेजपाशी पोचल्यावर खरंच गाडीत बसून राहिला, काच खाली करून.

आम्ही झाडाझाडांना दोऱ्या बांधल्या, चिमटे लावले, तुमचं आणि माझं शेजारी शेजारी टांगलं. मुलं आली, शिक्षक आले, रूपालीच्या शेजारच्या बायका आल्या. आणि सगळे फोटोंसमोर उभे राहून डोळे किलकिले करायला लागले. कारण लॅमिनेशनवर ऊन असं चमकत होतं की ना झाड दिसत होतं ना ताट. सगळ्या फोटोंत नुसतं आभाळ! एक मुलगी भरताकडं बघून केस सारखे करत होती. रूपाली इकडून तिकडं पळत होती, कुणी पुठ्ठे आणायला गेलं, कुणी म्हणालं संध्याकाळी बघू. तुम्ही असता तर पदर तोंडाला लावून त्या अंबाडीशेजारीच बसला असता.

तेवढ्यात गाडीचं दार वाजलं.

दादा ताडताड आला. आधी माझ्यावर खेकसला, "उजेड कुठनं येतोय ते तर बघशील का न्हाई? इतकी वर्षं काय शिकला रं तिच्याजवळ?" मग त्यानं पहिल्या दोरीची गाठ सोडली. फोटो फिरवून सावलीच्या अंगाला घेतला, वरची कड थोडी पुढं झुकवली, लांब जाऊन बघितला, परत येऊन आणखी झुकवला. ताट दिसायला लागलं. रूपालीनं चिमटे पुढं केले. दादानं दुसरा फोटो सोडला, मग तिसरा. एकेक करून सगळी बाग त्यानं पुन्हा लावली. मी फक्त दोऱ्या धरल्या. प्रत्येक फोटो त्याच्या हातातून गेला आणि प्रत्येकापाशी तो थांबत होता.

शेवग्याच्या आमटीपाशी तो सगळ्यात जास्त थांबला. मला वाटलं, आता हा खाली बसणार. रूपालीही पुढं सरकली.

"ही आमटी खारट झाली व्हती," दादा म्हणाला. "मी तसं म्हणालो तर दिवसभर माझ्याशी बोलली न्हाई."

रूपालीला हसू आवरेना आणि रडूही. "आप्पा, खारट नव्हती. आईनं मला सांगितलं होतं ते."

"खारट व्हती. मी खाल्लीया का तू?" आणि मग, वहिनी, तो फोटोवरची नजर न काढताच म्हणाला, "भूक लागलीया. डबा आणलाय न्हवं सुमननं?"

सुमन गाडीकडं अक्षरशः धावली. शेवग्याच्या आळ्याच्या कडेवर बसून दादा जेवला. एक भाकरी, मग आणखी अर्धी मागून घेतली. उसळ तिखट झालीय म्हणाला. सुमन "व्हय का" म्हणत पाणी देत राहिली आणि डोळे पुसत राहिली. मागं बायका तुमच्या आमटीसमोर उभं राहून शेंगा आधी उकडायच्या की नाही यावर वाद घालत होत्या.

त्या दिवसापासून दादा रोज पोटभर जेवायला लागला, असं तुम्हाला सांगावं, हे मनात आहे. पण तसं नाही. परवा तो पुन्हा अर्धं ताट ठेवून उठला. रात्रीचा दिवा लावून बसलेला असतो, ते आम्हाला दिसतं. त्याला सावरायला वेळ लागणार.

पण काल सकाळी सुमन ओट्यावर मेथी निवडत बसली होती, तर दादा मळ्यात जाता जाता थांबला. पायरीवर बसला. "आज काय करतीयास?" त्यानं विचारलं. सुमननं अर्धी जुडी त्याच्यापुढं सरकवली. दादानं एक काडी उचलली, इकडून तिकडून बघितली. जन्मात भाजी निवडलेली नाही त्यानं, तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

"देठं बी घ्यायची," त्यानं विचारलं, "का नुसती पानं?"